कॅन्सर बरा व्हावा म्हणून पेशंटला मुद्दाम ताप आणणारा डॉक्टर

साल १८९१. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात तेव्हा युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांची गर्दी होती. एकाला एक चिकटलेल्या इमारती, अंधारे जिने आणि एकेका खोलीत राहणारी आख्खी कुटुंबं. अशा वस्तीत एक तरुण सर्जन दारोदार फिरून एका माणसाची चौकशी करत होता.

माणसाचं नाव फ्रेड स्टाईन. मूळचा जर्मनीचा, घरांना रंग द्यायचं काम करणारा. ओळखायची खूण म्हणजे डाव्या कानाखाली ऑपरेशनचा मोठा व्रण. हॉस्पिटलचे जुने कागद बघितले, तर या माणसाला मानेचा कॅन्सर होता आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन करूनही गाठ परत येत होती. त्या काळच्या हिशेबानं तो केव्हाच मेलेला असायला हवा होता.

पण स्टाईन सापडला. जिवंत आणि धडधाकट.

त्याला शोधून काढणाऱ्या सर्जनचं नाव होतं विल्यम ब्रॅडली कोली. हा पेंटर का वाचला, या एकाच प्रश्नामागं त्यांनी पुढची चाळीस वर्षं घालवली. आज कॅन्सरवर शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे जे उपचार आहेत, त्यांचा इतिहास सांगताना कोली यांचं नाव सुरुवातीलाच येतं. पण ते जिवंत असताना अनेक मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या उपचारावर विश्वास ठेवला नव्हता.

सुरुवात झाली एका दुखऱ्या हातापासून

कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. येल विद्यापीठातून पदवी घेतली, दोन वर्षं शाळेत शिकवलं आणि मग हार्वर्डमधून १८८८ साली ते डॉक्टर झाले. पुढं न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून कामाला लागले. वय अठ्ठावीस, हात सफाईदार आणि पुढं सगळं करिअर पडलेलं.

१८९० च्या शरद ऋतूत त्यांच्याकडं सतरा वर्षांची एक मुलगी आली. एलिझाबेथ डॅशिएल, घरची मंडळी तिला बेसी म्हणायची. उन्हाळ्यात रेल्वेच्या लांबच्या प्रवासात तिचा हात दोन सीटच्या मध्ये अडकून चेमटला होता. दुखापत किरकोळ वाटत होती, पण सूज उतरेना आणि दुखणं थांबेना.

तपासणीत कळलं की हा सार्कोमा आहे. सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा ठिकाणी होणारा कॅन्सर. तेव्हा केमोथेरपी नव्हती, रेडिएशन नव्हतं. गाठ कापून काढायची, नाहीतर तो अवयवच काढून टाकायचा, एवढाच मार्ग होता. नोव्हेंबर १८९० मध्ये कोली यांनी बेसीचा हात कोपराखालून कापला. पण कॅन्सर त्याच्या आधीच शरीरभर पसरायला लागला होता. २३ जानेवारी १८९१ रोजी बेसी गेली.

बेसीच्या जवळच्या मित्रांमध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर होता, म्हणजे तेलसम्राट रॉकफेलरचा मुलगा. बेसीच्या मरणाचा घाव त्यालाही बसला. पुढं कॅन्सरच्या संशोधनाला आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलला रॉकफेलर घराण्याकडून जी मोठी मदत मिळाली, तिचा माग काढत गेलं तर तो या मुलीपर्यंत येऊन पोचतो.

जुन्या रजिस्टरमधला पेंटर

ऑपरेशन नीट झालं होतं, तरी पेशंट गेला. कोली यांना याचं उत्तर हवं होतं. त्यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलची मागच्या पंधरा वर्षांची रजिस्टरं काढली आणि सार्कोमाच्या नव्वदच्या आसपास केसेस वाचून काढल्या. बहुतेकांचा शेवट बेसीसारखाच होता. त्या ढिगातच फ्रेड स्टाईनचा कागद होता.

स्टाईनच्या मानेवर गाठ होती. सर्जननी कापली, ती परत आली. पुन्हा कापली, पुन्हा आली. शेवटच्या ऑपरेशननंतर तर जखम भरत नव्हती आणि तिच्यातच त्याला धावरे झालं.

धावरे, म्हणजेच इरिसिपेलस, हा कातडीचा संसर्ग आहे. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू जखमेतून आत शिरतात, कातडी लालभडक होऊन सुजते, लाली पसरत जाते आणि सणकून ताप येतो. अँटिबायोटिक नसलेल्या त्या काळात हा आजार ऑपरेशन झालेल्या पेशंटचे बळी घ्यायचा. हॉस्पिटलच्या वॉर्डात तो शिरला की डॉक्टरांच्या पोटात गोळा यायचा.

स्टाईनच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. तापाचा प्रत्येक झटका येऊन गेला की गाठ थोडी लहान झालेली दिसायची. शेवटी ती नाहीशीच झाली आणि १८८५ साली तो चालत घरी गेला. त्यानंतर त्याचं काय झालं हे कागदावर नव्हतं, म्हणून कोली त्याला शोधत वस्तीत फिरले. तो सापडला तेव्हा मानेवर व्रण होता, कॅन्सरचा मागमूसही नव्हता.

हे बघणारे कोली काही पहिले नव्हते. जर्मनीत विल्हेल्म बुश या डॉक्टरांनी १८६० च्या दशकातच असा अनुभव नोंदवला होता. फ्रिड्रिख फेलायझन यांनी १८८० च्या दशकात धावऱ्याचा जंतू ओळखला आणि तो पेशंटना टोचूनही पाहिला. पण हा धागा पकडून वर्षानुवर्षं त्याच्या मागं लागलेला माणूस म्हणजे कोली.

पहिली सुई

३ मे १८९१. पेशंट होता झोला नावाचा इटालियन माणूस. वय पस्तीस, मानेत गाठ, टॉन्सिलवरही गाठ, त्यामुळं खाणं-बोलणं अवघड झालेलं. ऑपरेशन करून झालं होतं आणि कॅन्सर परत आला होता. कोली यांनी त्याच्या गाठीत स्ट्रेप्टोकोकसचे जिवंत जंतू टोचायला सुरुवात केली.

आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा गोष्टीला परवानगी देणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला एक जीवघेणा आजार मुद्दाम द्यायचा आणि वाट बघायची, असा हा प्रकार होता.

सुरुवातीला थोडा ताप यायचा, गाठ थोडी कमी व्हायची आणि पुन्हा वाढायची. खरं धावरे काही होत नव्हतं. मग बर्लिनहून रॉबर्ट कॉख यांच्याकडून जास्त जहाल जंतू मागवले गेले. ऑक्टोबरमध्ये ते टोचल्यावर झोलाला धावरे झालं, ताप १०५ डिग्रीपर्यंत चढला. तो वाचेल की नाही अशी अवस्था झाली. पण मानेतली गाठ फुटून वाहायला लागली आणि दोनेक आठवड्यांत नाहीशी झाली. टॉन्सिलची गाठ पूर्ण गेली नाही, पण तिची वाढ थांबली. झोला त्यानंतर आठ वर्षांहून जास्त जगला. शेवटी तो मायदेशी गेला आणि तिथं कॅन्सर परत येऊन वारला.

जिवंत जंतू ते मेलेले जंतू

झोला वाचला, पण सगळे वाचले नाहीत. कुणाला कितीही टोचलं तरी धावरे होतच नव्हतं. कुणाला झालं तर ते आवरता येत नव्हतं. दोन पेशंट कॅन्सरच्या आधी या संसर्गानंच गेले. उपचारानंच माणूस मारला, हे कोली यांना मान्य करावं लागलं.

मग त्यांनी रस्ता बदलला. जंतू उष्णतेनं मारायचे आणि मग टोचायचे. मेलेला जंतू शरीरात वाढू शकत नाही, त्यामुळं आजार होत नाही. पण त्याचा सांगाडा तसाच असतो, आणि तो बघूनही शरीर शत्रू आलाय असं समजून ताप आणतं. नुसते मेलेले स्ट्रेप्टोकोकस कमजोर पडत होते, म्हणून कोली यांनी त्यात आणखी एका जंतूचा अर्क मिसळला. आज त्या जंतूला सेराटिया मार्सेसेन्स म्हणतात. हे मिश्रण पुढं कोलीज टॉक्सिन्स या नावानं प्रसिद्ध झालं.

२४ जानेवारी १८९३ रोजी हे मिश्रण पहिल्यांदा जॉन फिकेन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला देण्यात आलं. त्याच्या पोटात मोठा सार्कोमा होता आणि तो अंथरुणाला खिळलेला होता. दर एक-दोन दिवसांनी सुई, प्रत्येक सुईनंतर हुडहुडी आणि ताप, आणि हळूहळू वाढवत नेलेला डोस. हे मे महिन्यापर्यंत चाललं. गाठ आटत गेली, मुलगा घरी गेला. तो त्यानंतर सव्वीस वर्षं जगला आणि १९१९ साली हार्ट अटॅकनं वारला.

कोली यांनी १८९३ मध्येच आपल्या पहिल्या दहा केसेस छापल्या. १८९९ पासून पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी हे मिश्रण बाटलीत भरून विकायलाही लागली.

पण गाठ जात कशी होती?

गंमत म्हणजे हे कोली यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. जंतूंचं विष थेट कॅन्सरच्या पेशी मारतं, असा त्यांचा समज होता. म्हणून तर नाव टॉक्सिन्स.

आज जे कळलंय ते असं. कॅन्सरची पेशी ही शरीराचीच बिघडलेली पेशी असते. बाहेरून आलेल्या जंतूसारखी ती परकी वाटत नाही, त्यामुळं प्रतिकारशक्तीचे पहारेकरी तिच्याकडं कानाडोळा करतात. त्याच गाठीत किंवा शरीरात जंतूंचे अवशेष आले की धोक्याची घंटा वाजते. पांढऱ्या पेशी जाग्या होतात, वेगवेगळी रसायनं सोडतात, ताप येतो. या धुमश्चक्रीत कधी कधी त्यांची नजर कॅन्सरच्या पेशींवरही पडते आणि त्या मारल्या जातात.

यातल्या एका रसायनाचा शोध १९७५ साली लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. सेराटियासारख्या जंतूंच्या आवरणात जो पदार्थ असतो, त्यामुळं शरीर हे रसायन सोडतं. म्हणजे कोली यांनी मिश्रणात दुसरा जंतू टाकला, त्याचं कारण समजायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली.

आता वरच्या परिच्छेदातला 'कधी कधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोली यांची सगळी अडचण या शब्दात होती.

लोकांनी विश्वास का ठेवला नाही?

कोली यांनी चाळीस वर्षांत हजाराहून जास्त पेशंटना ही टॉक्सिन्स दिली. काहींच्या गाठी गेल्या आणि ते वर्षानुवर्षं जगले. अनेकांना मात्र काहीच फरक पडला नाही. सार्कोमावर परिणाम बरा दिसायचा, बाकीच्या कॅन्सरवर कमी. कुणाला गुण येईल आणि कुणाला नाही, हे आधी सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी करून बघितलं तर त्यांना तसा गुण येत नव्हता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलनं १८९४ सालीच हा उपचार फोल असल्याचा शेरा मारला. त्यांना दोष देऊन चालणार नाही, कारण कोली यांच्या कामात खरोखरच मोठ्या फटी होत्या.

पहिली फट म्हणजे औषध एकसारखं नव्हतं. मिश्रणाचे डझनाहून जास्त प्रकार वेगवेगळ्या वेळी वापरले गेले. काही जहाल होते, काही जवळजवळ पाण्यासारखे. बाजारात मिळणारी बाटली आणि कोली स्वतः वापरत ते मिश्रण यांत फरक असायचा. दुसरी फट म्हणजे द्यायची पद्धत ठरलेली नव्हती. कधी गाठीत, कधी स्नायूत, कधी शिरेत. कुणाला काही आठवडे, कुणाला कितीतरी महिने. तिसरी फट नोंदींची. काही पेशंटना खरंच कॅन्सर होता का, याची सूक्ष्मदर्शकाखाली खातरजमा झालेली नव्हती. काहींचं पुढं काय झालं हे लिहून ठेवलेलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुलना नव्हती. टॉक्सिन्स दिलेले शंभर आणि न दिलेले शंभर, असे दोन सारखे गट करून कुणी बघितलंच नाही. त्या काळात तशी पद्धत रुळलेलीच नव्हती. त्यामुळं बरा झालेला पेशंट हा पुरावा की योगायोग, हे ठरवायचं कसं, हा प्रश्न कायम राहिला.

एक्स-रे आले आणि टॉक्सिन्स मागं पडली

१८९५ साली रॉंटगेन यांनी एक्स-रे शोधले. काही वर्षांत ते कॅन्सरवर वापरले जाऊ लागले. मग रेडियम आलं. ही साधनं वापरायला सोपी होती, गाठ डोळ्यांदेखत लहान व्हायची आणि पेशंटला महिनोन्‌महिने तापात ठेवावं लागत नव्हतं. कोली यांनी स्वतःही एक्स-रे वापरले. पण अनेक पेशंटमध्ये गाठ परत येते, हे बघून त्यांचा भर टॉक्सिन्सवरच राहिला.

त्यांचा सगळ्यात मोठा विरोधक त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये होता. जेम्स युइंग हे मेमोरियल हॉस्पिटलचे नामवंत पॅथॉलॉजिस्ट. हाडांच्या एका कॅन्सरला आजही युइंग सार्कोमा म्हणतात, ते हेच. खाण उद्योजक जेम्स डग्लस यांनी मेमोरियलला पैसा आणि रेडियम दिलं होतं आणि युइंग यांचा रेडिएशनवर पूर्ण भरवसा होता. कोली यांच्या बऱ्या झालेल्या पेशंटना मुळात कॅन्सर होता का, यावरच त्यांना शंका होती. एकाच इमारतीत दोन मोठे डॉक्टर, एकाच आजारावर दोन टोकाची मतं. वर्षं सरत गेली तशी युइंग यांची बाजू जड होत गेली.

कोली यांना सर्जन म्हणून मान होता. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये तर त्यांचं मोठं नाव होतं. पण टॉक्सिन्सना त्यांना हवी तशी मान्यता मिळाली नाही. १६ एप्रिल १९३६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

मुलीनं उघडलेली कागदांची खोकी

गोष्ट इथंच संपली असती. पण कोली यांची मुलगी हेलन कोली नॉट्स यांनी वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून त्यांचे जुने कागद बाहेर काढले. त्यात पेशंटची पत्रं, डॉक्टरांशी झालेला पत्रव्यवहार आणि केसेसच्या नोंदी होत्या.

हेलन डॉक्टर नव्हत्या. पण वडिलांच्या कामात जी उणीव राहिली होती, नेमकी ती भरून काढायचं काम त्यांनी केलं. एकेका पेशंटचा माग काढला. कॅन्सर कोणता होता, मिश्रण कोणतं दिलं, किती दिवस दिलं, कुठं टोचलं, ताप किती आला, पेशंट पुढं किती वर्षं जगला. अशा हजाराच्या आसपास केसेस त्यांनी जमवून मांडल्या. जहाल मिश्रण, नीट ताप आणि बरेच महिने चाललेला उपचार जिथं होता तिथं गुण जास्त दिसतो, असं त्या नोंदींतून पुढं आलं.

१९५३ साली हेलन यांनी ऑलिव्हर ग्रेस यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. सुरुवातीचे दोन हजार डॉलर नेल्सन रॉकफेलर यांनी दिले, म्हणजे बेसीच्या त्या मित्राच्या मुलानं. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर शोधणारे लॉइड ओल्ड हे पुढं याच संस्थेच्या संशोधनाचे प्रमुख झाले. हेलन २००१ पर्यंत जगल्या.

कोलीज टॉक्सिन्स मात्र परत आली नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत औषधांचे नियम कडक झाले आणि पुराव्याअभावी ती वापरातून गेली.

मग मेलेल्या जंतूंऐवजी मेलेल्या गाठीची लस?

जंतू मारून टोचता येतात, तर कॅन्सरच्याच पेशी मारून टोचल्या तर? शरीराला शत्रूचा चेहरा थेट दाखवायचा. ही कल्पनाही जुनी आहे. जर्मनीत १९०२ सालीच पेशंटच्या स्वतःच्या गाठीपासून तयार केलेलं द्रव्य टोचून बघण्यात आलं होतं.

याचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो मेलानोमावर. मेलानोमा म्हणजे कातडीचा सगळ्यात घातक कॅन्सर. अमेरिकन सर्जन डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, रेडिएशन देऊन त्यांची वाढायची ताकद काढून घेतली आणि त्यांची लस केली. नाव कॅनव्हॅक्सिन. सुरुवातीच्या डोसमध्ये बीसीजीही असायची, टीबीसाठी लहान बाळांना देतात तीच. तिचं काम धोक्याची घंटा वाजवायचं, म्हणजे कोली यांच्या जंतूंचंच.

जुन्या पेशंटच्या नोंदींशी तुलना केली तेव्हा ही लस आश्वासक दिसत होती. मग दीड हजारांहून जास्त पेशंटवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला खरी लस आणि दुसऱ्याला नुसतं बिनऔषधी पाणी. बीसीजी दोघांनाही. २००५ साली त्या चाचण्या थांबवल्या गेल्या, कारण लस घेतलेले पेशंट न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगत नव्हते. मॉर्टन यांची आयुष्यभराची मेहनत होती, पण उत्तर नाही असं आलं. कोली यांच्या काळात अशी चाचणीच झाली नव्हती, म्हणून त्यांच्या टॉक्सिन्सना ना होकार मिळाला, ना स्पष्ट नकार.

पुढं कळलं की शत्रूचा चेहरा दाखवणं पुरेसं नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर ब्रेक असतात आणि कॅन्सर त्याचा फायदा घेतो. ते ब्रेक सोडवणारं इपिलिम्युमॅब हे औषध २०११ साली अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालं. ब्रेकच्या या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आणि मूत्राशयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर आजही जगभर बीसीजी मूत्राशयात सोडली जाते. जंतू वापरून प्रतिकारशक्ती जागी करायची कोली यांची कल्पना तिथं रोजच्या वापरात आहे.

आज हे का माहीत असावं?

कोली यांचं नाव घेऊन टॉक्सिन्स विकणारे आजही सापडतात. मोठ्या औषध कंपन्यांनी दाबून टाकलेला कॅन्सरचा इलाज, अशी त्याची जाहिरात होते. बरे झालेल्या एक-दोन पेशंटच्या कहाण्या फॉरवर्ड होत राहतात.

खरी गोष्ट वेगळी आहे. फ्रेड स्टाईन बरा झाला हे खरं. जॉन फिकेन जगला हेही खरं. पण त्याच सुईनं दोन माणसं मेली आणि कित्येकांना गुणच आला नाही, हेही तितकंच खरं. कुणाला उपयोग होतो, किती होतो आणि कशामुळं होतो, याची उत्तरं मिळेपर्यंत बरा झालेला पेशंट हा चांगला प्रश्न असतो, इलाज नसतो.

कोली यांनी तो प्रश्न वस्तीतले जिने चढून शोधून काढला. उत्तराकडं जायचा रस्ता मात्र त्यांच्या मुलीनं धूळ खात पडलेल्या नोंदी एकेक करून लावल्या तेव्हा पुन्हा मोकळा झाला.